हरणासाठी फाळ निवडणाऱ्यांस

अलीकडे काही वर्षांत एक विलक्षण मत वारंवार आमच्या कानी पडू लागले आहे. ते असे की, बंदुकीची शिकार ही परक्यांची, साहेबांची, गोंगाटाची आणि क्रूर; परंतु धनुष्यबाणाची शिकार मात्र आपली, प्रभू रामचंद्रांची आणि पार्थाची, निःशब्द, मर्दानी आणि जनावरास यातना न देणारी; सबब तिचे पुनरुज्जीवन करणे हे एक प्रकारचे धर्मकार्यच होय. हे मत सांगणारे गृहस्थ तेवढ्यावर थांबत नाहीत. परदेशी शिकाऱ्यांची चलच्चित्रे ते भ्रमणध्वनीवर पाहतात, घोडा दाबून बाण सोडण्याच्या आडव्या धनुष्याची, म्हणजे क्रॉसबोची, किंमत विचारतात, आणि मग गंभीर मुद्रेने प्रश्न करतात की, हरणासाठी बाणास फाळ कोणता लावावा?

बाणाच्या अग्राला बसविलेल्या धारदार पात्याला संस्कृतात 'फल' म्हणतात, इंग्रजीत ब्रॉडहेड. आम्ही येथे फाळ म्हणू. प्रश्न लहान दिसतो. परंतु फाळ निवडणे म्हणजे एका जिवाला मरण किती वेळात आणि कोणत्या रीतीने यावे हे ठरविणे होय. म्हणून आमची भूमिका प्रारंभीच सांगून टाकतो. जेथे कायद्याने शिकार निषिद्ध आहे तेथे हा प्रश्न विचारणे म्हणजे गुन्ह्याची पूर्वतयारी. जेथे ती विहित आहे तेथे प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर शिकाऱ्याच्या हौसेकडे पाहून नव्हे, तर हरणाच्या फुप्फुसाकडे पाहून द्यावयाचे असते. आणि दोन्ही ठिकाणी रामायण-महाभारताची साक्ष काढणाऱ्यांनी ते ग्रंथ एकदा उघडून पाहावेत.

या मताचे सर्वांत सभ्य स्वरूप आम्ही ग्वाल्हेरच्या दाल बाजारात ऐकले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर हे शहर उभे राहिले, आणि तिच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे नांदतात. दाल बाजार हा त्याच लष्करातला. हरभरा, मसूर, तूर यांच्या गोण्या, तराजू, आडत्यांच्या गाद्या, आणि शेजारच्याच लोहिया बाजारात लोखंड. अशा एका गादीवर आम्हांस सांगण्यात आले की, निलगायी आणि काळविटांचे कळप हरभऱ्याची शेते रात्रीत साफ करतात. शेतकरी रडकुंडीस येतो. तेव्हा चार तरुणांनी धनुष्ये हाती घेतली तर त्यात पाप ते कोणते?

शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. ज्याच्या गोण्यांवर बाजार चालतो त्याचे उभे पीक खाल्ले जात असेल तर बाजाराने अस्वस्थ व्हावे हे योग्यच आहे. परंतु त्या गादीवर जे बोलत होते त्यांपैकी एकाचेही शेत नव्हते. शेतकरी कुंपण मागतो, भरपाई मागतो, वनखात्याचा माणूस वेळेवर यावा म्हणून मागणे करतो. फाळाचे वजन विचारणारा तो नव्हे. २०२५ साली शाजापूर जिल्ह्यात, जो एके काळी ग्वाल्हेर संस्थानचाच भाग होता, सरकारने हेलिकॉप्टरच्या साहाय्याने कळप हाकून मोठ्या कुंपणात घेतले, आणि शेकडो काळविटे व काही निलगायी पकडून गांधीसागरसारख्या अभयारण्यांत नेऊन सोडल्या. हा उपाय खर्चाचा आहे, सर्वत्र पुरा पडणारा नाही, हे आम्ही जाणतो. पण पिकाचे रक्षण आणि शिकारीचा सोस या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि दुसरीने पहिलीचे उपरणे पांघरून हिंडू नये, एवढे तरी त्यावरून ध्यानी यावे.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई केली. परवान्याने शिकार करण्याची जी फट त्यात शिल्लक होती तीही १९९१ च्या दुरुस्तीने बुजविली. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर जखमी करणे, पकडणे, आणि तसा प्रयत्न करणे हे सारे येते. 'हत्यार' या शब्दाची व्याख्या तर आमच्या धनुर्धर मित्रांनी मुखोद्गत करावी अशी आहे. कारण बंदुकीबरोबर तीत धनुष्य आणि बाण यांचा उल्लेख आहे. म्हणजे 'कायदा बंदुकीस लागू, बाणास नाही' ही जी समजूत पसरविली जाते ती निखालस खोटी आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीस तीन ते सात वर्षांची सजा आहे. पीक खाणाऱ्या काही प्राण्यांबाबत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने अपवाद होऊ शकतो, पण तो अपवाद कोणाच्या रविवारच्या करमणुकीसाठी ठेवलेला नाही. आमच्या गोमंतकीय वाचकांपैकी कोणास वाटेल की ही ग्वाल्हेरची भानगड. तर मोले येथील भगवान महावीर अभयारण्यातल्या मेरूला, म्हणजे सांबराला, हाच कायदा राखतो.

आणि हा सोस कोठवर जातो ते पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. १४ मे २०२२ च्या पहाटे गुना जिल्ह्यात, आरोननजीक, काळविटांची शिकार करून परतणाऱ्या टोळीला पोलिसांनी अडविले. टोळीने गोळ्या झाडल्या आणि तीन पोलीस ठार झाले. काळविटांची मुंडकी तेथे मिळाली. त्या टोळीपाशी बंदुका होत्या, धनुष्ये नव्हती, असे कोणी म्हणेल. हत्यार वेगळे होते, हे खरे. परंतु 'आम्हांस कोण अडविणार' ही वृत्ती बंदुकीच्या नळीत जन्मत नाही. ती हत्यार उचलण्यापूर्वीच मनात बसलेली असते. धनुष्य निःशब्द असते म्हणून ते अधिक सात्त्विक, असे सांगणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, अभयारण्याच्या सीमेवर निःशब्दपणाची गरज कोणाला पडते?

आता धर्माकडे वळू. कारण आमच्या वाचकांपुढे हा मुद्दा त्याच मार्गाने येतो. हरणावर सोडलेल्या, किंवा हरीण समजून सोडलेल्या बाणांच्या कथा आपल्या परंपरेत विपुल आहेत, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक कथा शिकाऱ्याच्या सर्वनाशाची आहे. हा योगायोग आहे असे मानण्याइतके आपले पूर्वज भोळे नव्हते.

पांडूने वनात रममाण झालेल्या मृगाच्या जोडीवर बाण सोडले. तो मृग किंदम ऋषी होता. या कथेतील संवाद फार थोड्यांनी नीट वाचलेला असतो. पांडू स्वतःच्या समर्थनार्थ राजधर्म सांगतो, की राजे उघडपणे आणि कपटानेही मृग मारीत आले आहेत, अगस्त्यांचेही उदाहरण आहे. आजचे धनुष्यप्रेमी जे बोलतात तेच सारे. आणि मरता मरता तो ऋषी काय उत्तर देतो? मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही. पण मारण्याची ही वेळ आणि ही रीत निर्दयपणाची आहे. म्हणजे जेथे मृगया मान्य आहे तेथेही रीत आणि वेळ यांचा जाब द्यावा लागतो, हे खुद्द बाण लागलेल्या मृगाच्याच तोंडून वदविले आहे. ज्यास मृगयेचा अधिकार होता अशा चक्रवर्ती राजालाही तो जाब चुकला नाही. मग आमचे दाल बाजारातील मित्र कोठले?

दशरथाची कथा सर्वांस ठाऊक आहे. शरयूच्या तीरी, रात्रीच्या काळोखात, घडा भरण्याच्या आवाजावर सोडलेला शब्दवेधी बाण. (वाल्मीकींच्या कथेत राजाला तो आवाज हत्तीचा वाटतो, कीर्तनकारांच्या तोंडी तेथे हरीणही येते. तात्पर्यात फरक पडत नाही.) डोळ्यांनी न पाहिलेल्या लक्ष्यावर बाण सोडण्याचे कौशल्य दशरथास भूषण वाटत होते. त्या भूषणाची किंमत त्याने प्राण सोडताना मोजली.

परंतु ज्यांना फाळाचीच जिज्ञासा आहे त्यांच्यासाठी आपल्या पुराणांनी एक स्वतंत्र कथा राखून ठेवली आहे. यादवकुळाच्या नाशास कारण झालेले लोखंडी मुसळ चूर्ण करून समुद्रात टाकले गेले. उरलेला लोखंडाचा तुकडा माशाने गिळला. तो मासा कोळ्यांच्या जाळ्यात सापडला. आणि त्या तुकड्याचा फाळ जरा नावाच्या व्याधाने आपल्या बाणास बसविला. पुढे प्रभासक्षेत्री वृक्षातळी विसावलेल्या भगवान श्रीकृष्णांचा चरण त्याला झाडीतून दिसला. त्याला ते हरीण वाटले. आपल्या पुराणांत कोणत्या लोखंडाचा कोणता फाळ कोणत्या बाणाला लागला याची इतकी बारीक हकीकत क्वचितच आढळते. जी आढळते ती अशी आहे. सोमनाथाजवळच्या भालका तीर्थास जाऊन आलेल्या आमच्या वाचकांना ती जागा आठवेल. हरणाच्या फाळाचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी ही कथा कोणत्या देवळात सांगावयाची ते आम्हांस कळवावे.

आकाशातही तीच कथा आहे. मृग नक्षत्राच्या पोटात एका रेषेत दिसणाऱ्या तीन ताऱ्यांना आपण मृगाचा बाण म्हणतो. व्याध खाली तेजाने जळत उभा आहे. पावसाळ्याच्या तोंडी सूर्य याच नक्षत्रात येतो, आणि पेरणी त्यावर ठरते. बाण लागून मेलेले हरीण नव्हे, बाण रुतलेला घेऊन धावत असलेले हरीण आपल्या पूर्वजांनी आभाळात ठेवले. फाळ नीट न बसल्यास नेमके हेच घडते.

'पण धनुर्वेद तर आपलाच ना?' हा पुढचा प्रश्न. होय, आपलाच. सूचीमुख, क्षुरप्र, अर्धचंद्र, भल्ल, वत्सदंत, काकतुंड, गोपुच्छ, कर्णिक अशी फाळांची नावे त्यात दिली आहेत; कोणता कवच भेदण्यास, कोणता धनुष्याची दोरी छेदण्यास, असे प्रत्येकाचे कार्य सांगितले आहे. 'मोठा तो चांगला' हा बाजारी सिद्धांत तेथे नाही. ज्या कामाचा तो फाळ. आणि युद्धाविषयी मनूने घातलेली मर्यादा अशी की, शत्रूवरसुद्धा उलट्या काट्यांचा, विष माखलेला वा अग्नीने पेटविलेला बाण टाकू नये. कारण काटेरी फाळ शिरताना जितके फाडतो त्याहून अधिक काढताना फाडतो. जी दया शत्रूला दाखवावयाची ती मुक्या प्राण्याला नाकारावयाची काय? मनूनेच मृगयेची गणना कामजन्य व्यसनांत केली आहे, आणि मद्य, द्यूत यांच्या जोडीने ती अतिशय अनिष्ट ठरविली आहे. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताचा सेनापती मृगयेने शरीर हलके होते, चल लक्ष्यावर नेम साधतो, असे व्यायामशास्त्र सांगतो. परंतु त्याच नाटकाच्या आरंभी एका तपस्व्याच्या शब्दासरशी राजाने बाण उतरविलेला असतो. सेनापतीचे भाषण तेवढे पाठ करून राजाचे कृत्य विसरणारे वाचक कालिदासाला लाभावेत, हे त्याचे दुर्दैव.

येथवर स्वदेशाचे झाले. परंतु आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, आणि तेथील गोष्ट निराळी आहे. तेथे लांडगा आणि चित्त्यासारखे मोठे पूमा बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी फार थोडी उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज अंदाजे तीन कोटींच्या घरात आहेत. रस्त्यावर मोटारींखाली मरतात, रोपवनांची पालवी खाऊन टाकतात. तेथे सरकारच परवाना देते, ऋतू ठरविते, संख्या ठरविते. तेथे शिकार करणाऱ्या आपल्या माणसास आम्ही अधर्मी म्हणणार नाही. त्याने फाळाविषयी विचारले तर त्यास उत्तर मिळालेच पाहिजे, आणि ते दुकानदाराने देण्यापेक्षा बरे असावे.

मूळ गोष्ट अशी की, बाण बंदुकीच्या गोळीसारखा आघाताने मारीत नाही. तो रक्तस्रावाने मारतो. दोन्ही फुप्फुसे अथवा हृदय छेदले गेले तर हरीण काही सेकंदांत कोसळते. बाण आतड्यांत गेला तर ते तासन् तास तडफडते. म्हणून फाळाचा पहिला गुण धार, दुसरा आरपार जाण्याची शक्ती, आणि रुंदी ही तिसरी. जाहिराती नेमक्या उलट क्रमाने बोलतात. त्या दीड इंच, दोन इंच असे आकडे ओरडून सांगतात. त्यासाठी लागल्यावर उघडणारी पाती विकतात. अशा फाळाचे पाते उघडण्यात बाणाची काही शक्ती खर्ची पडते, आणि तिरकस लागल्यास तो बरगडीवरून घसरण्याची भीती असते. ज्याचे धनुष्य जोरदार नाही, विशेषतः स्त्रिया आणि नवशिके, त्यांनी तो घेऊच नये. त्यांना एकसंध पोलादाचा, दोन स्थिर पात्यांचा, पुन्हा धार लावता येणारा फाळ उत्तम. आडव्या धनुष्याचा वेग मोठा, म्हणून त्यावर रुंद स्थिर पाती किंचित वाकडी बसली तरी बाण हवेत भरकटतो. तेथे आखूड, भक्कम फाळ घ्यावा, आणि फिरवून तो सरळ बसल्याची खात्री करावी. वजन शंभर किंवा सव्वाशे ग्रेन असते, म्हणजे आपल्या मापाने अर्ध्या तोळ्याहून काहीसे अधिक ते पाऊण तोळ्याच्या आत. वजनावरून वाद घालणारे पुष्कळ आहेत. पंचवीस ग्रेनच्या फरकाने जेवढे बिघडते त्याहून बोथट धारेने शतपट बिघडते. मनगटावरचे केस ज्याने निघत नाहीत तो फाळ हरणावर चालवू नये. आणि ज्या फाळाने मारावयाचे त्याच फाळाने सराव करावा. गोल टोकाचा बाण जेथे लागतो तेथेच पात्याचा लागेल असे नाही.

न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत काटेरी फाळ निषिद्ध आहे, आणि सात अष्टमांश इंचाहून अरुंद वा दोहोंपेक्षा कमी धारांचा फाळही निषिद्ध आहे. मनूचे नाव त्या नियमकर्त्यांनी ऐकले असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु काट्याविषयी दोघेही एकाच निष्कर्षास आले.

निःशब्दपणाची कथाही येथेच निकालात काढू. वेगवान धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे तीनशे फूट जातो; ध्वनी जातो अकराशे फूट. नव्वद फुटांवरचे हरीण दोरीचा आवाज ऐकते, आणि बाण पोहोचण्यापूर्वी त्याच्यापाशी एक पंचमांश सेकंदाहून थोडा अधिक अवधी उरतो. तेवढ्यात ते पळण्यासाठी अंग खाली दाबते, आणि फुप्फुसावर नेमलेला बाण पाठीत बसतो. सबब वीस-तीस यार्डांपलीकडे बाण सोडू नये. जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे असेल तेव्हाच सोडावा, समोरासमोर कदापि नाही. आणि बाण लागल्यावर अर्धा तास तरी जागचे हलू नये, पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. ज्यास हा धीर नाही त्याने बाण भात्यातच ठेवावा. ज्या इंग्रजांचे बडे अधिकारी शिवपुरीच्या रानात शिंद्यांचे पाहुणे म्हणून शिकार करीत, त्यांच्या देशाने १९६३ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणावर बाण चालविणे गुन्हा ठरविले, आणि १९८१ मध्ये सर्वच वन्य प्राण्यांपुरते धनुष्य व आडवे धनुष्य निषिद्ध केले. बंदूक तेथे चालते, बाण चालत नाही. बाण अधिक दयाळू असे सांगणाऱ्यांनी याचे कारण शोधावे.

त्या शिवपुरीच्या रानाचे १९५८ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मार्च २०२५ मध्ये व्याघ्र-प्रकल्प. कुनोच्या रानात १७ सप्टेंबर २०२२ रोजी आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडण्यात आले. ग्वाल्हेरच्या आसपासची चितळे आता या वाघ-चित्त्यांच्या वाट्याची आहेत. अमेरिकेत जो मांसाहारी पशू नाहीसा झाला म्हणून माणसाला धनुष्य उचलावे लागले, तो आपण येथे कष्टाने आणि खर्चाने परत आणीत आहोत. त्याच्या ताटातला घास उचलण्यास आमचे तरुण अमेरिकेची चलच्चित्रे पाहून निघावेत, यापरते उफराटे काय असेल?

आणि धनुष्याचीच आवड असेल तर ती पुरविण्यास रान लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळे याने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळविले. अंतर पन्नास मीटर, मधले वर्तुळ आठ सेंटिमीटरचे. त्यांच्या बाणांना पाते नव्हते. लक्ष्यस्पर्धेत पात्याच्या फाळास स्थानच नाही. ज्यांना पार्थाचा अभिमान आहे त्यांनी हेही आठवावे की, त्याच्या बाल्यातील परीक्षेच्या वेळी झाडावरचा तो पक्षी लाकडी होता.

दसऱ्याला ग्वाल्हेरात मांढरे देवीच्या टेकडीपाशी शमीपूजन होते, आणि आपल्या घरोघरी व देवस्थानांत शस्त्रपूजा होते. गेल्या काही वर्षांत अशा पूजेत परदेशी पेटीतून आलेले पात्याचे फाळ मांडलेले आमच्या दृष्टीस पडले आहेत. विश्वस्त मंडळींना आमची विनंती अशी की, ते उचलून ठेवण्यास मालकास सांगावे. आणि ज्या देवस्थानाच्या आवारात पन्नास-साठ मीटर मोकळी जागा व मागे मातीचा उंच बांध असेल त्यांनी पेंढ्याची दोन लक्ष्ये आणि एखादा जाणता शिक्षक यांची सोय करावी. अशी सोय जेथे होईल तेथील वृत्त आम्ही मराठी आणि कोंकणी दोन्ही विभागांत आनंदाने छापू.